डाव्या हातातला ग्लास

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आहे. पाटीवर हातभर अक्षरांत ‘वाइन्स’ लिहिलेलं. आत व्हिस्की आहे, रम आहे, बिअरचे क्रेट छतापर्यंत रचलेत, काउंटरवर चकलीची नि खाऱ्या शेंगदाण्यांची पाकिटं लटकतात. वाइन मागितली तर मात्र पोऱ्या आधी तोंडाकडे बघतो, मग स्टूल ओढतो, सगळ्यात वरच्या फळीवरून एक बाटली काढतो आणि फडक्यानं धूळ पुसून पुढ्यात ठेवतो. वर ‘हीच पाहिजे ना?’ असंही विचारतो. आणि हे नाशकात, जिथं गंगापूर धरणाच्या बाजूला थोडी गाडी हाकली की वाइनच्या द्राक्षांचे मळे लागतात.

त्या वरच्या फळीचा मला पहिल्यापासून राग आहे. पत्र्याखालची जागा, एप्रिलमध्ये बाटलीला हात लावला तर चटका बसावा. पांढरी वाइन तिथं एक उन्हाळा उभी राहिली की पिवळी पडते, तिला कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो, आणि ती पिणारा ‘आपल्याकडची वाइन काही खरी नाही’ म्हणून मोकळा होतो. ताक दुपारभर उन्हात ठेवून कुणी गवळ्याला नावं ठेवत नाही.

मी वाइनची जाणकार वगैरे नाही. माहेर रत्नागिरीचं, सासर दिंडोरी तालुक्यातलं, आणि गेली सव्वीस वर्षं संसार नाशिक शहरात. घरात आम्ही दोघं, सासूबाई, आणि सुट्टीला येणारी लेक. आठवड्यातून एखादे दिवशी, बहुधा बुधवारी नाहीतर रविवारी, रात्रीच्या जेवणाबरोबर आम्ही दोघं एकेक ग्लास वाइन घेतो. पाहुणे नसतात, चीजची बशी नसते, मेणबत्ती तर वीज गेली तरच. जेवण म्हणजे त्या दिवशी जे शिजलंय ते. त्यातून दहा-पंधरा वर्षांत जे हाताला लागलं, ते सांगावंसं वाटतंय.

पहिली बाटली घरात आली ती विकत घेतलेली नव्हती. माझे चुलत सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणतात, द्राक्षबागायतदार. उभं आयुष्य थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं, पिकवण्यात गेलं. २००१ साली सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क निघालं, कंपन्यांची माणसं करार घेऊन गावोगाव फिरायला लागली, तेव्हा तात्यांनीही दोन एकरांत शिराज, म्हणजे लाल वाइनची द्राक्षं, लावली. तात्या माळकरी. एकादशी चुकत नाही, वारी चुकत नाही. ‘माळ घालून दारूची द्राक्षं लावता व्हय?’ असं तोंडावर विचारणारे गावात निघालेच. तात्यांचं उत्तर ठरलेलं: ‘तू ऊस लावतो ना, त्याची मळी कुठं जाते ते आधी बघून ये.’

एका दिवाळीला कंपनीनं बागायतदारांना भेट म्हणून एकेक बाटली दिली. तात्यांनी ती उपरण्यात गुंडाळून आमच्याकडे आणली. म्हणाले, ‘घरात ठेवता येत नाय आन् टाकवत बी नाय. आपल्याच बागेतली द्राक्षं हायेत यात.’

बाटली कपाटावर उभी राहिली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आखाडात सासूबाईंनी काळ्या मसाल्याचा मटण रस्सा केला, वर बोटभर तर्री, तेव्हा नवऱ्याला तिची आठवण झाली. घरात वाइनचे ग्लास कुठले? कटिंग चहाच्या ग्लासांत ओतली. पहिल्या घोटाला तोंडात जाळ झाला. दुसऱ्याला जीभ टाळ्याला चिकटली. ‘यापेक्षा खोकल्याचं औषध बरं,’ नवरा म्हणाला, आणि उरलेली आम्ही मोरीत ओतली. तात्यांना सांगितलं, छान होती.

ती वाइन वाईट नव्हती, हे कळायला मला चार-पाच वर्षं लागली.

लाल वाइन सालीसकट, बियांसकट आंबवतात. शिराजची साल जाड आणि काळी. त्या सालीतून, बियांतून जे उतरतं त्याला टॅनिन म्हणतात, आणि इंग्रजी पुस्तकांत टॅनिन म्हणजे काय हे सांगायला अर्धं पान खर्ची पडलेलं असतं. मला ते वाचताना हसू आलं होतं. अहो, तुरट! सहा वर्षांच्या पोराला कळणारा शब्द. जांभळं खाऊन ज्यानं आरशात जीभ बघितली आहे, कच्चं केळं चुकून चावलं आहे, त्याला टॅनिन शिकवावं लागत नाही. लाळेतली प्रथिनं टॅनिनला धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं, एवढंच ते शास्त्र.

आपण सहा रस मानतो. पैकी गोड, आंबट, खारट, तिखट हे रोजच्या ताटात हजर. कडू कारल्या-मेथीपुरतं. तुरट मात्र जेवण उरकल्यावर यायचं, विड्यातून, कात आणि सुपारीच्या रूपानं. गंमत म्हणजे द्राक्षाच्या बियांत जे कॅटेचिन नावाचं द्रव्य असतं, ते नाव कातावरूनच पडलेलं आहे. तेव्हा लाल वाइन ही मला अजूनही जरा विड्यासारखी वाटते. स्निग्ध, जड काहीतरी पोटात गेलेलं असलं की ती तोंड साफ करते. तिखटाच्या आगीवर घेतली तर मात्र बघायलाच नको. मिरचीनं जिभेवरच्या ज्या नसा आधीच पेटवलेल्या असतात, त्यांनाच चौदा टक्के मद्यार्क आणखी फुंकर घालतो, आणि तुरटपणा वरून सुकवतो. आमच्या आखाडी रात्री झालं ते नेमकं हे.

शिवाय ती वाइन गरम होती. बाटल्यांवर, पुस्तकांवर लिहिलेलं असतं की लाल वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी. कुणाच्या खोलीच्या? ही खोली युरोपातली आहे, दगडी भिंतीची, सोळा-अठरा अंशांची. आमची खोली मे महिन्यात पस्तीस दाखवते. तेव्हापासून माझा नियम असा की लाल वाइन वाढायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये, पांढरी आणि गुलाबी दुपारपासूनच फ्रिजमध्ये. या एका गोष्टीनं अर्ध्या तक्रारी मिटल्या. बाकीचं सगळं जुळवणं नंतर.

आता जुळवण्याचं. पुस्तकं सांगतात, माशाला पांढरी, मटणाला लाल. ज्यांच्याकडे एका वेळी एक पदार्थ येतो, तो संपला की पुढचा येतो, त्यांच्यासाठी हे ठीक. आपलं ताट एकदम वाढलं जातं. मिठापासून डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. समोर भात, पोळी. एका घासात आमटी, पुढच्या घासात लोणचं. वाइननं यातल्या कुणाशी संसार करायचा? बरेच दिवस मी भाजीकडे बघून वाइन ठरवत होते आणि दर वेळी लोणचं घात करायचं.

मग एकदा लक्षात आलं की विचारायचा प्रश्नच वेगळा आहे. वांगं आहे की बटाटा आहे की सुरमई आहे, याला फारसा अर्थ नाही, कारण आपल्याकडे कुठल्याही जिनसाची चव ठरवतो तो मसाला आणि आंबटपणा. आज आमसूल पडलंय की चिंच, दही की टोमॅटो, की वरून पिळलेलं लिंबू? खोबरं ओलं आहे की भाजलेलं सुकं? कूट आहे का? तिखट हिरवं की लाल? एवढं कळलं की वाइन आपोआप सुचते. आणि ती ताटात बसते कुठं म्हणाल, तर डाव्या बाजूला, लिंबा-कोशिंबिरीच्या शेजारी. तिचं काम तेच आहे, जडपणा कापणं आणि पुढच्या घासाला तोंड तयार करणं. तशीही ती डाव्याच हातात येते, कारण उजवा खरकटा असतो. (वाइनचे बारीक दांडीचे ग्लास बनवणारा माणूस हातानं जेवत नसावा. डाव्या हातानं तो ग्लास गोल फिरवताना मी दोनदा टेबलक्लॉथ रंगवला आहे. आता सरळ पाण्याचे काचेचे आखूड ग्लास वापरतो. वास घ्यायला तेही पुरतात.)

माहेरचं मासळीचं वेड मी नाशकात घेऊन आले. ताजी सुरमई इथं बर्फातून येते, पण येते. आगळ-हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर. शेजारी आमटी, ओल्या खोबऱ्याची, त्रिफळं घातलेली. या ताटाला सोव्हिन्यॉन ब्लाँ ही पांढरी वाइन. ती आंबट असते, चांगलीच आंबट, आणि तेच पाहिजे. आमसूल घातलेल्या जेवणापुढं कमी आंबट वाइन अगदी पाणचट लागते; आंबटाशेजारी निदान तेवढंच आंबट हवं. दुसरं म्हणजे तिचा वास. हिरवा, पाल्याचा, ओल्या गवताचा. ढोबळी मिरची चिरताना जो वास येतो तो ज्या द्रव्यामुळे, त्याच जातीची द्रव्यं या द्राक्षात असतात. म्हणून कोथिंबीर, हिरवी मिरची, ओलं खोबरं असं हिरवं वाटण जिथं जिथं असेल तिथं ती घरच्यासारखी वागते. कोथिंबीर वडीबरोबर तर इतकी, की आमच्याकडे वड्या तळायच्या ठरल्या की नवरा आधी फ्रिज उघडून बघतो.

माशाबरोबर लाल वाइन का नको, याला मी बरीच वर्षं नुसता शिष्टाचार समजत होते. एकदा मुद्दाम घेऊन बघितली. बांगड्याबरोबर. तोंडात जुना खिळा चघळल्यासारखं झालं. जपानी संशोधकांनी २००९ साली याचं कारण छापलं आहे. वाइनमधलं लोह माशाच्या तेलकट अंशाशी भिडतं आणि वशट चव उफाळते. आणि लाल वाइनमध्ये बरेचदा लोह जास्त असतं. बांगडा जितका तेलकट, तितका परिणाम जास्त. तेव्हा हा नियम पाळावा.

तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर मासळीच्या जेवणाला आमच्याकडे सोलकढी हजारदा होते आणि वाइन चारदा. सोलकढीत आंबट आहे, किंचित तुरट आहे, नारळाचा स्निग्धपणा आहे, लसूण-मिरचीचा ठसका आहे. वाइननं जे करायचं ते ती आधीच करून बसलेली आहे, रंगही तोच गुलाबी. दोन्ही एका ताटात ठेवू नका. एकमेकींना बघून दोघीही नासतात.

गुलाबीवरून आठवलं. भरली वांगी. कूट, तीळ, सुकं खोबरं, चिंच, गूळ, गोडा मसाला, आणि वरून तेलाचा तवंग. या भाजीत जवळजवळ सगळंच आहे, म्हणून पांढरी वाइन तिच्यापुढं लाजते आणि लाल भांडते. रोझे बसते. लाल द्राक्षांच्याच साली थोडा वेळ रसात ठेवून काढून घेतात, म्हणून रंग गुलाबी, तुरटपणा नावापुरता, आंबटपणा पांढरीचा. नाशकात झिनफँडेलची रोझे मिळते, ती जराशी गोडसर असते, आणि चिंच-गुळाच्या भाजीला ती गोडी हवीच असते. हेच मसाले-भाताला. गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचा तो धुरकट, मातकट वास आणि गार रोझे यांचं काय नातं आहे कोण जाणे, मला ते सांगता यायचं नाही, पण डोहाळजेवणाचा उरलेला मसालेभात आणि अर्धी बाटली रोझे यावर मी एक अख्खी संध्याकाळ काढलेली आहे.

पिठलं-भाकरीला शेनिन ब्लाँ, हीही पांढरीच. बागायतदार तिला ‘चेनिन’च म्हणतात आणि मलाही तेच तोंडात बसलंय. मूळची फ्रान्समधल्या लवार नदीच्या खोऱ्यातली, पण आपल्याकडे तिची वाइन बहुधा थोडी गोडी शिल्लक ठेवून करतात. शुद्ध वाइनवाले त्या गोडीला नाकं मुरडतात. ते पिठल्याबरोबर ठेचा खात नसावेत. तिखटावर उतारा म्हणून गोड लागतं, लाडूचा तुकडा लागतो, हे आपल्याला कोण शिकवणार? बेसन, लसूण, मोहरी-हिंगाची फोडणी, ज्वारीची भाकरी, आणि गार, किंचित गोड चेनिन. ठेचा मात्र बोटाच्या पेराएवढाच. त्यापुढं गेलात तर वाइन म्हणजे नुसतं महाग पाणी.

आणि मटण? पुन्हा जमलं की नाही? जमलं, पण रस्सा सोडून. रस्सा हेच मुळात पेय आहे. वाटीनं ओरपायचं काहीतरी असताना शेजारी दुसरं पेय कशाला? पण सुकं मटण, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणातलं, तिखट जरा हात राखून आणि काळी मिरी सढळ. त्याला शिराज. तीच, तात्यांवाली. शिराजमध्ये मिरीचा जो वास येतो तो कविकल्पना नाही. मिरीला मिरीचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराजच्या सालीत असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. मटणाची चरबी तुरटपणाला गुंतवून ठेवते आणि जीभ सुटते. त्या दिवशी सासूबाईंनीही ग्लासात बोट बुडवून चाटलं. मग एक चमचा मागितला. मग म्हणाल्या, ‘हे तर द्राक्षासव की गं, बिनगुळाचं.’

अगदी बरोबर बोलल्या. माझ्या आजीच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली कायम असायची. जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. धायटीची फुलं घालून ते आंबवतात, मद्यार्क त्यात आपोआप तयार होतो आणि लेबलावर तसं छापलेलंही असतं. त्याच आजीनं शेजारच्या घरात बिअरची रिकामी बाटली दिसली म्हणून त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाणं बंद केलं होतं. मी तिला हसत नाही. दारूनं कुणाकुणाची घरं बसली हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि दोन चमच्यांचं औषध नि बाटली यांतली रेघ तिला तिच्यापुरती स्वच्छ दिसत होती. २०२२च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. आमच्या घरातही झाला. नवरा म्हणाला, बागायतदाराचं भलं होईल. मी म्हणाले, तांदूळ-डाळीशेजारी नको. मी वाइन पिते आणि तरी मला तसं वाटलं, त्याला काय करू? अजूनही दुकानातून बाटली आणताना ती वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतच येते. पोऱ्या न विचारता तसंच देतो आणि मीही ‘पिशवी नको’ म्हणत नाही, एरवी भाजीला कापडी पिशवी घेऊन जाणारी मी.

फसलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे, थोडक्यात उरकते. मिसळीबरोबर कुठलीही वाइन घेऊ नये, नाशिककर म्हणून हे मी शपथेवर सांगते, मिसळीला ताक. पुरणपोळीला मी एकदा उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, मधासारखी दाट गोड वाइन आणली, महागाची. नियम असा की गोड पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड हवी. पुरणातल्या गुळापेक्षा गोड काय असणार? वाइन आंबट ढोण लागली. पुरणपोळीला तूप आहे, दूध आहे, तिला आणखी कुणाची गरज नाही. दह्यातली कोशिंबीर आणि लाल वाइन, हेही नको. वरण-भात-तूप-लिंबाला काहीच नको. मला वाटतं त्या घासाला शांतताच बरी.

एक अनपेक्षित यश मात्र सांगते. साबुदाणा वडा आणि स्पार्कलिंग. फेसाळणारी वाइन म्हटलं की लोकांना शर्यत जिंकून एकमेकांवर उडवणारे ड्रायव्हर आठवतात. नारायणगावात शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रानं अशी वाइन करायला घेतली, तेव्हा गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांची सुला यायला अजून पुष्कळ अवकाश होता. सुलाची पहिली वाइन २००० सालची. फेस आणि आंबटपणा तळणाचा तेलकटपणा असा काही खरवडून काढतात की सहावा वडा केव्हा संपला कळत नाही. उपवासाच्या दिवशी अर्थात नाही. तात्यांना ही जोडी सांगितली तर म्हणाले, ‘वडा एकादशीला खायचा आन् हे द्वादशीला.’

तात्यांचं सांगायचं राहिलंच. २००८-०९च्या सुमारास धंदा बसला. त्यांच्या करारवाल्या कंपनीनं माल उचलला, पैसे राहिले. हेलपाटे घालून घालून निम्मे मिळाले. गावात कितीतरी जणांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा थॉमसन लावली. तात्यांनी एक एकर उपटलं. एक ठेवलं, का ठेवलं ते त्यांनाच माहीत. पुढं दुसऱ्या एका वायनरीनं ती द्राक्षं घ्यायला सुरुवात केली.

त्यांच्या बागेत मी दर वर्षी फेब्रुवारीत जाते. थॉमसनच्या ओळीत मणी फुगवण्यासाठी जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या औषधाच्या, बुडव्या द्यायच्या, पाणी द्यायचं, लांबसडक मणी करायचा. आणि लगेच शेजारच्या शिराजला पाणी तोडायचं, मणी बारीकच ठेवायचा, कारण रंग, वास, तुरटपणा सगळा सालीत, आणि मणी लहान तर रसाच्या मानानं साल जास्त. ‘एका बागेत पोराला खाऊ घालायचं, दुसरीत उपाशी ठेवायचं,’ तात्या म्हणतात. ब्रिक्स मोजायचं यंत्र घेऊन वायनरीची माणसं येतात, साखर बावीस-चोवीस भरली की तोडणी ठरते. तात्या त्याआधी दोन दिवस सांगतात. मणी तोंडात टाकतात, गर गिळतात, साल चघळतात, आणि बी दाढेखाली फोडतात. बी हिरवी आणि कडवट असेल तर मान हलवतात. तपकिरी होऊन भाजल्या दाण्यासारखी कुरकुरली की म्हणतात, झाली. त्या बागेतून होणाऱ्या वाइनचा एक थेंब त्यांनी आजवर चाखलेला नाही. तरी मी कधी विचारलं, की तात्या, यंदाची कशी निघेल, तर ते सांगतात, ‘औंदा आंबट कमी हाय, थंडी लवकर गेली. तुमाला जरा मऊ लागंल.’ आणि तशीच लागते.

रोजच्या वाइनला मी हजार रुपयांच्या वर जात नाही, आणि पांढरी घेताना लेबलावरचं साल बघते. जितकं अलीकडचं तितकं बरं. बाटलीत साडेसातशे मिली म्हणजे दीडशेचे पाच ग्लास. आम्ही दोघं एकेक घेतो, झाकण घट्ट लावून फ्रिजच्या दारात, इडलीच्या पिठाशेजारी. तीन दिवस चांगली राहते. चौथ्या दिवशी वास उतरलेला असतो. तोवर संपली नाही तर कांदा परतताना पळीभर घालते, त्याचं सासूबाईंना सांगत नाही.

परवा अशीच रोझे उरली होती, तिसरा दिवस, आणि घरात कारलं. कारल्याचं मला कधीच जमलेलं नाही. कडूवर तुरट गेलं की कडू दुप्पट होतं, आंबट पांढरी घेतली तर तोंड कसनुसं होतं. तात्या वैद्याला भेटायला शहरात आले होते, जेवायला थांबले होते. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. मी विळी घेऊन बसले आणि सहज त्यांना विचारलं, ‘तात्या, कारल्याबरोबर यातलं काय चालेल हो?’ त्यांनी फ्रिजकडे बघितलंही नाही.

‘गूळ घाल सूनबाई,’ म्हणाले. ‘चिंच घाल, कूट घाल. मग काय बी चालंल.’

घातलं. त्यांच्या ताटाशेजारी ताकाचा पेला ठेवला, आमच्या दोघांच्या ताटाशेजारी रोझे. तात्यांनी कारलं दोनदा मागून घेतलं.